भिंत ८१, हवा ५८

१४ एप्रिल १९६१, शुक्रवार

सौ. मैना केवलराम कापगते —

अकरा वर्षांच्या संसारात हे नाव मी एकदाही उच्चारले नाही. आपल्याकडे नवरा-बायको एकमेकांचे नाव घेत नाहीत, ही सबब खरी आहे. पण ती सबबच आहे. 'अगं', 'ऐकलंस का', आणि चारचौघांत नुसता घसा खाकरणे — एवढ्यावर माझे भागत असे. तुला जाऊन आज एकाहत्तर दिवस झाले. 'सौ.' तुझ्याकडेच राहिले. अहेव गेली, भाग्याची, असे बायका म्हणाल्या. जणू ते भाग्य मी तुला दिले होते!

आज दोन कागद आले. पहिला टाऊनशिपच्या इस्टेट ऑफिसचा. कुटुंब नसल्यामुळे कुटुंबाचा क्वार्टर मला ठेवता येणार नाही. ५ जूनपर्यंत रिकामा करून किल्ल्या परत कराव्यात आणि हॉस्टेलमधील खोलीचा ताबा घ्यावा. चौकशीला गेलो तेव्हा कारकून म्हणाला, "फैमिली नहीं तो फैमिली क्वार्टर कैसे रहेगा, साहब?" त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. नियम सांगत होता.

दुसरा कागद रायपूरहून, प्रा. विष्णुपंत दाणी यांचा. पालींवरची माझी टीप ते कॉलेजच्या वार्षिकात घेणार आहेत. 'हिवाळ्याचे आकडे मात्र अवश्य जोडावेत.' शिवाय जुलैपासून प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटरची जागा रिकामी होत आहे, अर्ज करावा, असे सुचवले आहे. शेवटी — 'घरी नमस्कार सांगावा.'

घरी!

तू गेल्याचे मी त्यांना कळवलेले नाही. का कळवले नाही, ते तुला ठाऊक आहे. तुला उद्देशून लिहिणे मी येथेच थांबवतो. तुझ्याकडे पाहून पुढचे वाक्य लिहिता येणार नाही. कागदाकडे पाहून कदाचित येईल.


१६ एप्रिल, रविवार

क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिण्याचीच मला सवय आहे.

मी बी.एस्सी. आहे — प्राणिशास्त्र, नागपूर. साकोलीकडच्या आमच्या गावातला पहिला. नोकरी मात्र लोखंडाच्या भट्टीवर. भट्टीच्या अंगात ठिकठिकाणी तापमापके बसवलेली आहेत. त्यांचे आकडे दर तासाला लिहायचे. ज्या वस्तूला हात लावता येत नाही तिची उष्णता मी मोजतो. नोकरी चांगली आहे. पण प्राणिशास्त्र सुटले ही खंत गेली नाही, आणि म्हणून नागपुराहून विकत आणलेली दोन तापमापके मी ट्रंकेत जपून ठेवली होती.

क्वार्टरची पश्चिमेची भिंत संध्याकाळी तापलेली असते. तिच्यावर आमचा लग्नाचा फोटो. फोटोमागे पाली. दोन वर्षांपूर्वी, दिवेलागणीच्या वेळी, मी मैनाला व्याख्यान दिले होते — होय, व्याख्यानच. सरपटणाऱ्या प्राण्याचे रक्त स्वतःची ऊब निर्माण करत नाही. सरडा उन्हात बसून तापतो. पाल पडली निशाचर. तिला ऊन कुठले? तेव्हा हवा जितकी, तितकीच पाल. तिच्या हाती काही नाही.

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग ते भितीले पोट लावून कावून बसते जी? हवेत बसाले तिले कोन नाई म्हनते?"

मी तिला 'भितीले' नव्हे, 'भिंतीला' असे सांगितले. प्रश्नाचे उत्तर दिले नाही. 


१७ एप्रिल

पहिली पाळी. घरी आल्यावर भिंत पाहिली. ९८ फॅरनहाइट. हवा ९३. पाल एकही नाही. कुठे गेल्या, ते तिला सांगता आले असते.


१९ एप्रिल, बुधवार

पुढे काय झाले ते लिहायचे राहिले.

त्या प्रश्नानंतर आठ दिवसांनी तिने मला हाताला धरून भिंतीशी नेले. कोळशाच्या बारीक रेघा! सरकारी भिंतीवर! मी रागावलो. ती म्हणाली, "रागावता कायले, पाहा तर." जिथे पाल बसलेली दिसली तिथे तिने रेघ ओढली होती. संध्याकाळच्या रेघा पश्चिमेच्या भिंतीवर दाट होत्या. जसजशी भिंत निवत जाई, तसतशा रेघा स्वयंपाकघराकडे, चुलीमागच्या भिंतीकडे सरकलेल्या.

मी ट्रंकेतून तापमापके काढली, ती तेवढ्यापुरतीच. पण मला पाळ्या होत्या. मग एक तिच्या हाती दिले, वाचायचे कसे ते शिकवले. ती चौथी शिकलेली. दोन दिवसांत माझ्याहून बिनचूक वाचू लागली. मी पारा पाहताना चष्मा शोधत असे.

जे निघाले ते असे. पाल उष्णता तयार करत नाही हे खरे, पण ती निवडते. दिवसा फोटोमागे ती झोपून नसते. भिंत फार तापली की फोटोच्या पुठ्ठ्याला चिकटते, निवली की भिंतीला. बोटभर जागेत इकडून तिकडे! पृष्ठभाग ८५ ते ९० या दरम्यान जिथे असेल तिथे तिचे पोट टेकलेले असायचे. हवा कितीही असो.

आणि एक गोष्ट, जी मला आयुष्यात सुचली नसती. पालीचे पोट आरपार दिसते. खाल्लेला किडा आत काळा दिसतो. मैना म्हणाली, "जेवलेली पाल उबेले जाते. उपाशी जात नाई. उपाशी थंडाईतच बसून रायते. खाल्लेलं जिरवाले ऊब लागत असन."

तीन पाली ती ओळखत असे. शेपूट तुटलेली ती बांडी. डोक्यावर ठिपका असलेली टिकली. तिसरी मोठी, ताठ, एकटी राहणारी; तिला ती 'साहेब' म्हणत असे. का, ते मी विचारले नाही.

गेल्या सप्टेंबरात रायपूरच्या एका छोट्या विज्ञान मंडळात मी ही टीप वाचली. 'प्रस्तुत लेखकाने आपल्या निवासस्थानी केलेली निरीक्षणे.' टाळ्या पडल्या. दाणी सर श्रोत्यांत होते. "येतो एकदा तुमची भिंत बघायला," असे म्हणाले.


२३ एप्रिल, रविवार

आज लिहायचेच.

६ नोव्हेंबर, रविवार. दाणी सर सकाळच्या गाडीने दुर्गला उतरून आले. मी त्यांना खुर्ची दिली. मैना भांडी घासत होती. लुगडे खोचलेले, हात राखेने भरलेले. मी तिला आधीच बजावले होते — पाहुण्यांसमोर आपल्या भाषेत बोलू नकोस. 'आपल्या' म्हणालो होतो. जी भाषा मी स्वतः चौदा वर्षांचा होईपर्यंत बोललो तीच.

सर भिंतीशी वाकून एक पाल पाहू लागले. म्हणाले, ही आता चुलीकडे जाईल ना? मी म्हणालो, हो, हो. दारातून आवाज आला — "हे नाई जात जी! हे उपाशी हाय. पोट पाहा ना, आरपार दिसते. ते तिकडची जाईन, बांडी. रात्री मोठा किडा खाल्ला तिनं."

सर वळले. हसले. मग मला म्हणाले, "नजर पक्की आहे हो बाईची! कधीपासून आहे कामाला तुमच्याकडे?"

मी गप्प राहिलो.

किती वेळ? एका श्वासाचा असेल. तेवढ्यात 'ही माझी पत्नी' हे तीन शब्द सहज मावले असते. मी म्हणालो, "चहा सांगतो." आणि तिच्याकडे न पाहता, ज्या स्वरात परका माणूस कामवालीला सांगतो त्या स्वरात म्हणालो, "दोन कप चहा टाक."

तिने ऐकले होते. सगळे ऐकले होते. ती चहा घेऊन आली तेव्हा पदर डोक्यावर होता. दोनच कप. स्टुलावर ठेवले आणि भिंतीला पाठ लावून दाराशी उभी राहिली, कप रिकामे होण्याची वाट पाहत. मी जे ठरवले तेच तिने करून दाखवले. एका अक्षराने मला उघडे पाडले नाही!

पुढचे मला नीट आठवत नाही, कारण मी आकडे सांगत सुटलो होतो. सरांनी तसबीर उचलून मागे पाहिले, टिकली पळाली. मी रिक्षा पाहायला कोपऱ्यापर्यंत गेलो. परत आलो तेव्हा सर स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते, बहुधा पाणी मागितले असावे. निघताना त्यांनी आतल्या दिशेने हात जोडले. कामवालीला नमस्कार! जुन्या वळणाचे गृहस्थ, असे मला वाटले. आणि — हेही लिहितो — मला सुटल्यासारखे वाटले.

त्या दिवशी तिने मला वाढले, आणि स्वतः आत बसून जेवली. नेहमी समोर बसत असे.


२४ एप्रिल

कालचे पान फाडावेसे वाटले. फाडले नाही.


३० एप्रिल, रविवार

क्वार्टर रिकामा करायचा म्हणून डबे काढले. तांदळाच्या डब्यामागे, कापडात गुंडाळलेली एक वही. कारखान्यातल्या क्रेनवर पाळीची नोंद करतात तसली, लांबोडकी. आत तिचे अक्षर.

पहिली नोंद ७ नोव्हेंबरची आहे. दाणी सर येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

'सांज. बांडी चुलीमांग. पोट भरलं. भीत ८४ हवा ७१.'

'टिकली फोटूमांग. पोट रिकामं. भीत ७४ हवा ७१.'

रोज दोनदा. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. मला वाटत होते की त्या दिवसानंतर तिने भिंतीकडे पाहणेच सोडले. तिने माझ्यादेखत कधी वही काढली नाही. मी पाळीवर गेलो की लिहीत असली पाहिजे.

हिवाळ्याचे आकडे! दाणी सरांनी मागितलेले, बरोबर तेच. ते तरी कसे नेमके तेच मागतात? हिवाळ्यात मी काही नोंदवतो आहे, असे मी त्यांना कधीच लिहिले नव्हते. असो. कोणीही शहाणा माणूस मागेल.

६ नोव्हेंबरविषयी वहीत काही असेल म्हणून पुढेमागे दहादा चाळले. एक अक्षर नाही.


३ मे, बुधवार

वही वाचतो आहे. दिवसाला चार पाने. जास्त वाचवत नाहीत.

डिसेंबरात भिंतींचे दिवस संपतात. पश्चिमेची भिंत सांजेलाही ६५ च्या वर जात नाही. तिघीही चुलीमागे. तिने शोधून काढले आहे की चुलीची आच गेल्यावरही विटा बराच वेळ ऊब धरतात, आणि पाली त्या विटा सोडत नाहीत. उपाशी मात्र फटीत, गार जागी, हालचाल न करता. 'उपाशी पाल ऊब घेत नाई. खर्च वाचवते.' एवढे वाक्य लिहिण्यासाठी पुस्तकांना पाने लागतात.

मग १९ जानेवारी.

'सांज. साहेब चुलीमांग. पोट भरलं. भीत ८१ हवा ५८. मी १०२.'

मी पुन्हा वाचले. 'मी १०२.'

ज्या तापमापकाने ती भिंत मोजत असे तेच तिने काखेत धरले, पाहिले, लिहिले आणि पुन्हा खिळ्याला अडकवले. मला सांगितले नाही. १९ जानेवारीला माझी दुसरी पाळी होती. मी घरी आलो तेव्हा ताट झाकून ठेवलेले होते. मी जेवलो. भाजी अळणी आहे, असे म्हणालो!

२० ला — मी १०२. २१ ला — मी १०३. २३ ला मी तिला इस्पितळात नेले. न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, चार दिवस आधी आणायला हवे होते.

मी दर तासाला भट्टीचे तापमान लिहितो. चूक झाली तर मेमो मिळतो.


४ मे

हवा १०८. भिंत ११०. पाली माठामागे.


७ मे, रविवार

शेजारच्या सत्यभामाबाई वांग्याची भाजी घेऊन आल्या. यांचे यजमान बाबुलाल क्रेनवर आहेत, गोंदियाकडची मंडळी. बाईंचे तोंड चालते, हातही चालतो. वाटी ठेवली, आणि कमरेवर हात ठेवून खोली पाहिली.

"भाऊ, तुमी कावून असे भितीकडं पाहून राहिले? पाल अंगावर पडली म्हंजे?"

मी म्हणालो, पाल अंगावर पडणे अशुभ असते याला काही आधार नाही.

"आधार नसन, पन किळस तं हाय ना!" मग हसल्या. "मैनाबाईले नव्हती. ते तं त्यायच्याशी बोले. त्या मोठीले साहेब म्हने. म्हनलं, कावून वं? तं म्हने, थे पाय, कशी मान ताठ करून बसली. बोलत नाई, चालत नाई, पन चुलीपासून हालतबी नाई!"

मी वही दाखवली. ही कोठून आली, असे विचारले.

"म्याच देल्ली. यायच्या क्रेनवरची होती, कोरी. ते रायपूरचे मास्तर आले होते ना, त्याच सांजेले मांगाले आली. म्हने, सत्यभामा, आता मले रोज लिवा लागते. लय खूश होती ते त्या दिवशी."

"खूश? त्या दिवशी?"

"हाव! इतकी खूश मी तिले कधी पायली नाई."

बाईंचा दिवसांचा घोटाळा झाला असावा. किंवा मैनाने त्यांच्यासमोर हसरे तोंड ठेवले असेल, घरातली गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून. ती तशीच होती. मी अपमान केला, आणि तिने शेजारणीकडून वही मागून माझ्यासाठी आकडे टिपायला घेतले! तापाने फणफणतानाही टिपले, माझी टीप पुरी व्हावी म्हणून. दुसरा अर्थ मला सुचत नाही.

जाताना सत्यभामाबाई दारात थांबल्या. "भाऊ, तुमी साकोलीचेच ना? मंग आमच्याशी असे पुस्तकावानी कायले बोलता जी? लाज वाटते का?"

मी म्हणालो, "नाही." तेसुद्धा पुस्तकासारखेच.


१२ मे, शुक्रवार

हिवाळ्याचा भाग लिहून काढला. चार पाने. 'असे आढळून आले की भक्ष्य पचवीत असलेल्या पाली तापलेल्या विटांचा आश्रय घेतात.' आढळून आले — कोणाला, ते वाक्यात कोठेही नाही. मी या कलेत तयार आहे.

वर नाव: के. आर. कापगते, बी.एस्सी.

स्वतःशी युक्तिवाद केला. ती असती तर तिला नाव नकोच असते. तिने ते माझ्यासाठीच केले. माझे नाव म्हणजे तिचेच. आणि प्रयोगशाळेत गेलो तर तिचे काम पुढे नेता येईल. शिवाय आता खरे सांगायचे तर दोन गोष्टी सांगाव्या लागतील: ती माझी पत्नी होती, आणि ती नाही. पहिली सांगितल्याशिवाय दुसरी सांगता येत नाही. बायको नव्हतीच, तर ती गेली कशी?

म्हणून गेले तीन महिने एका सुशिक्षित गृहस्थाला मी माझ्या पत्नीच्या निधनाची बातमी दिलेली नाही. तो तिला नमस्कार सांगतो आहे.

लिफाफा बंद केला. पत्ता लिहिला.


१५ मे

लिफाफा खिशात. टपालपेटीवरून दोनदा गेलो.


१८ मे, गुरुवार

आज सांजेला भिंतीशी बसलो. बांडी माठामागून निघाली, पूर्वेच्या भिंतीवर आली. मी स्वतः ठरवू पाहिले — जेवलेली की उपाशी? कंदील जवळ धरला. पोट दिसेना. चष्मा पुसला. तरी दिसेना. एक तास बसलो.

जे मी डोळ्यांनी पाहूच शकत नाही, ते मी पाहिले असे चार पानांत लिहिले आहे.

लिफाफा चुलीत घातला.


२१ मे, रविवार

दाणी सरांना पत्र. सहा वेळा लिहिले. शेवटचे सर्वांत लहान झाले.

'टिपेतील सर्व निरीक्षणे माझी पत्नी सौ. मैना केवलराम कापगते हिची आहेत. माझा सिद्धांत याच्या उलट होता आणि तो चुकीचा ठरला. ६ नोव्हेंबर रोजी आपण जिला पाहिले व जिच्याविषयी मला विचारले, ती कामवाली नव्हती. ती माझी पत्नी होती. मी उत्तर दिले नाही, कारण मला तिच्या बोलण्याची लाज वाटली. २ फेब्रुवारी रोजी ती न्यूमोनियाने वारली. सोबत तिची वही पाठवत आहे. छापल्यास केवळ तिच्या नावाने छापावे. डेमॉन्स्ट्रेटरच्या जागेसाठी मी अर्ज करणार नाही. ज्याला पालीचे पोट दिसत नाही त्याने विद्यार्थ्यांना काय दाखवावे?'

आधी नुसते 'सौ. कापगते' लिहिले. मग पूर्ण लिहिले.

वहीची नक्कल आधी करून ठेवली आहे. 'मी १०२' सुद्धा.


२२ मे

पोस्टात टाकले. रजिस्टर. आता परत मागता येत नाही.


२९ मे, सोमवार

पुढच्या मंडळींसाठी चुना मारायला मिस्त्री आला, धोंडबा. बादली ठेवली आणि भिंतीकडे पाहून डोके खाजवले.

"ह्या रेघा कायच्या जी? पोरायनं काढल्या?"

"आम्हाला मूल नाही."

"मंग कोनं?"

मी म्हणालो, "माझ्या बायकोनं."

एवढे सोपे होते. धोंडबाची पापणीसुद्धा लवली नाही.

"कावून?"

"ती पालींचा अभ्यास करत होती."

"अभ्यास!" तो मोठ्याने हसला. "पालीचा! अन् काय निघालं जी अभ्यासात?"

आणि मी सांगितले. रात्री हिंडणारा जीव ऊब कुठून आणतो, भिंत कशी निवत जाते, जेवलेली पाल कुठे, उपाशी कुठे. अर्धा तास. बोलता बोलता कधी 'भितीले' म्हणालो ते कळले नाही. कळल्यावर मागे घेतले नाही.

धोंडबा म्हणाला, "माह्या घरच्या चुलीमांगंबी असतात. म्या म्हनलं, मुंग्या खाले येत असन." मग ब्रश बादलीत ठेवून म्हणाला, "काढून घ्याची असन तं घ्या. मी दुपारून मारतो."

पातळ कागद लावून सगळ्या रेघा उतरवून घेतल्या. दोनशे सतरा. दुपारी भिंत पांढरी झाली, फोटोमागचा तेवढा तुकडा सोडून.


२ जून

फोटो उतरवायचा म्हणून हात घातला. मागे साहेब. हलला नाही, नुसता पाहत राहिला. पुठ्ठ्याला चिकटलेला — भिंत तापलेली आहे ना.

उद्या उतरवू.


३ जून

आजही नाही.


५ जून, सोमवार

फोटो सकाळी उतरवला. साहेब आपण होऊन माठामागे गेला. माठ पुढच्यांसाठी ठेवला आहे.

सामान बाहेर काढत असताना दाणी सरांचे पत्र आले. उभ्यानेच वाचले.

'बाई गेल्याचे आज कळते. फार वाईट वाटले. छापताना त्यांचेच नाव राहील. ते नोव्हेंबरातच ठरले होते. माझा खुळा प्रश्न मी तसबीर उचलण्याआधी विचारला. उचलल्यावर नवरा-नवरी पाहिली. तुम्ही रिक्षा पाहायला गेलात तेव्हा आत जाऊन बाईंची क्षमा मागितली. त्या हसल्या. म्हणाल्या, "जाऊ द्या जी, पावना आला का यायले घाबरल्यावानी होते." मी विचारले, हिवाळ्यात पाली काय करतात? म्हणाल्या, "पाहा लागन." मी म्हटले, पाहा, रोज लिहा, तुमच्या नावाने छापू. त्यांनी नाव सांगितले. मी लिहून घेतले. त्यानंतर तुम्ही केव्हा सांगता याची वाट पाहत होतो.'

म्हणजे तिघांत, ही गोष्ट लपली आहे असे मानणारा मी एकटाच होतो. आणि ती वही माझ्यासाठी नव्हती. तिला कोणीतरी काम सांगितले होते, नाव विचारून.

चार वाजता दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या परत केल्या.